मोटर शेवटी: कृत्रिम पाय घेण्याआधी

पाय गेलेल्या माणसाच्या घरी पहिले काही आठवडे सरतात आणि कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतं. मोटरचा पाय लावलेला एक तरुण भराभर जिना चढतो, दुसरा टेकडीवर चालतो, कमरेखाली जाणीव नसलेली एक बाई अंगाला बांधलेल्या यंत्राच्या आधाराने उभी राहते. तिथून पुढे घरात एकच विषय चालतो: हा पाय कुठे मिळतो, किती लाख पडतील, शेताचा तुकडा विकावा की कर्ज काढावं. आशा वाटणं साहजिक आहे आणि त्या व्हिडिओत खोटंही काही नसतं. पण विचाराची सुरुवात उलट्या टोकाकडून होते. माझं सांगणं थोडक्यात असं: पैसा, वेळ आणि घरातल्या माणसांचं बळ आधी पाय नीट बसण्यावर आणि चालण्याच्या सरावावर लावा, मोटरचा विचार त्यानंतर करा. हे मी काटकसर म्हणून सांगत नाही. यंत्राच्या पायांवर ज्यांनी उमेदीची वर्षं घातली, त्या संशोधकांचेच गेल्या दहा-पंधरा वर्षांतले प्रयोग नीट वाचले तर हाच क्रम हाती लागतो.

मुळात चालायला ताकद लागते तरी किती? टॅड मॅकगीर या अभियंत्याने १९९० साली दाखवून दिलं की दोन पायांचं एक साधं यंत्र, ना मोटर ना संगणक, हलक्याशा उतारावर आपलं आपण पावलं टाकत जातं. पायांची लांबी, वजनाची जागा आणि तळव्याचा गोलवा एवढं जुळलं की बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. माणसाचं चालणंही पुष्कळसं याच जातीचं आहे. टेकलेल्या पायावर शरीर उलट्या लंबकासारखं पुढे झुलतं आणि मोकळा पाय त्याच झोकात पुढे येतो. चालण्याच्या एका चक्रात प्रत्येक पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. मात्र सपाट जमिनीवर उताराची मदत नसते. दर पावलाला जी ऊर्जा खर्ची पडते ती कुणीतरी भरून काढावी लागते आणि त्यातला मोठा वाटा घोटा उचलतो. मागच्या पायाची टाच उचलली जाते तो क्षण पाहा. शरीर पुढे जात असताना पोटरीखालची जाड कंडरा रबरासारखी ताणत आलेली असते आणि पाय जमीन सोडायच्या बेतात आला की ती सुटते, शरीराला पुढे रेटते. हा रेटा पुढचा पाय टेकायच्या सुमारालाच मिळावा लागतो. उशीर झाला तर तो पाय आदळतो आणि सगळा भार गुडघ्याला, कमरेला झेलावा लागतो. पाय कापला गेला की हा रेटाच जातो. गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला साधारण पाव हिस्सा जास्त ऊर्जा लागते, गुडघ्याच्या वरून गेला असेल तर निम्म्याहून जास्त. मधुमेहाने किंवा रक्तवाहिन्या बंद झाल्याने पाय गेला असेल तर वय आणि हृदय यांची भर पडून हा बोजा आणखी वाढतो. दम लागू नये म्हणून माणूस आपसूक वेग कमी करतो. घरच्यांना तो आळस वाटतो. प्रत्यक्षात शरीराने केलेला तो अगदी चोख हिशोब असतो, म्हणून 'जरा भरभर चाला' असं त्याला म्हणू नका.

आता यंत्रांकडे येऊ. निरोगी माणसांवर झालेले एक्सोस्केलेटनचे, म्हणजे पायाला बाहेरून बांधायच्या यांत्रिक सांगाड्याचे, प्रयोग इथे फार उपयोगी पडतात, कारण त्यांत चालण्यातला एकेक घटक सुटा करून मोजता येतो. २०१५ साली स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॉविकी यांनी 'नेचर'मध्ये घोट्याला बांधायचं एक यंत्र मांडलं. त्यात मोटर नव्हती, बॅटरी नव्हती; एक स्प्रिंग आणि ती योग्य वेळी धरून सोडणारा क्लच, एवढंच. त्याने चालण्याचा ऊर्जाखर्च ७.२ टक्क्यांनी घटला. त्या प्रयोगातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे: स्प्रिंग गरजेपेक्षा मऊ किंवा गरजेपेक्षा कडक घेतली की हा फायदा नाहीसा होत गेला. दोन वर्षांनी कॉलिन्स यांच्याच गटाने मोटरचं यंत्र घेऊन आणखी पुढचा प्रयोग केला. माणूस चालत असताना त्याचा श्वास मोजायचा आणि त्यावरून यंत्राचा जोर व वेळ त्या माणसापुरती बदलत न्यायची. यंत्र अंगावर असून मदत बंद ठेवली तर जेवढी ऊर्जा लागे तिच्यापेक्षा सरासरी २४ टक्के कमी लागली, आणि प्रत्येकाला मानवणारी मदत निराळी निघाली. एकाला जी वेळ सोयीची, तीच दुसऱ्याला अडथळ्याची.

यापुढचा प्रयोग मात्र प्रत्येक रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. कॅथरीन पॉगेन्सी आणि कॉलिन्स यांनी २०२१ साली एकच प्रश्न विचारला: यंत्रापासून जो फायदा होतो तो नेमका कुठून येतो? सरावलेल्या माणसांत बचत ३९ टक्क्यांवर गेली होती. त्यातला सुमारे निम्मा वाटा सरावाचा निघाला. आणखी पाव वाटा त्या माणसासाठी केलेल्या जुळणीचा. यंत्राने सरसकट दिलेल्या मदतीचा वाटा उरलेल्या पाव हिश्श्याएवढा. आणि माणूस त्या यंत्रात तरबेज व्हायला मदत सुरू असताना प्रत्यक्ष चालण्याची सुमारे १०९ मिनिटं लागली. ही सगळी धडधाकट, दोन्ही पाय शाबूत असलेली माणसं होती. त्यांनाही दुकानात दहा मिनिटं चालून यंत्राची खरी परीक्षा घेता आली नसती. मग ज्याचा पाय गेला आहे, ज्याच्या कातडीला अजून दाब सोसायची सवय नाही, त्याने दहा मिनिटांच्या चाचणीवर लाखोंचा निर्णय कसा घ्यायचा? म्हणून विक्रेत्याकडे पहिली मागणी ही करा: पाय काही आठवडे घरी वापरायला द्या, आणि त्या काळात किमान तीन-चार वेळा जुळणी करून द्या. ज्याची याला तयारी नाही त्याच्याकडे कितीही भारी पाय असो, तो तुमच्यासाठी नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. एमआयटीतले ह्यू हर, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ साली गिर्यारोहणात हिमदंशामुळे गेले, त्यांनी आणि अलीना ग्राबोव्स्की यांनी २०१२ साली दाखवलं होतं की मोटरचा घोटा लावल्यावर गुडघ्याखालून पाय गेलेल्या माणसांचा ऊर्जाखर्च आणि चालण्याचा वेग निरोगी माणसांच्या बरोबरीला येतो. मग मोटर शेवटी का? तो निष्कर्ष खरा आणि महत्त्वाचा आहे, पण तो सात जणांवरच्या प्रयोगाचा आहे आणि पुढच्या प्रयोगांत तो सगळ्यांना लागू पडला नाही. २०१६ साली दुसऱ्या गटाने मोटरच्या घोट्याचा रेटा टप्प्याटप्प्याने वाढवत नेला, तेव्हा ऊर्जाखर्च त्या प्रमाणात घटला नाही. कारण समजायला अवघड नाही. घोटा कितीही जोरात रेटो, तो रेटा हाडाला थेट मिळत नाही. सॉकेटमधून, म्हणजे उरलेल्या पायावर चढवायच्या साच्यातून, मऊ मांसातून, कातडीवरून पोचतो. सॉकेट सैल असेल तर मोटरची ताकद स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, वरखाली घासण्यात जाते. आणि मेंदूने त्या रेट्यावर विसंबायचं शिकून घेतलं नसेल तर माणूस मांडीचे आणि कमरेचे स्नायू आधीसारखेच वापरत राहतो. वर मोटर आणि बॅटरीचं वजन पायाच्या अगदी टोकाला, जिथे ते सर्वांत जड पडतं, तिथे वाहतो.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने २०२४ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये पुढे आली. तोही हर यांच्याच गटाचा अभ्यास होता. चौदा जण, सगळ्यांना एकाच प्रकारचा मोटरचा पाय. त्यांतल्या सात जणांची पाय कापायची शस्त्रक्रिया वेगळ्या रीतीने झाली होती: घोटा पुढे-मागे हलवणारे स्नायू स्टंपमध्ये पुन्हा जोडीने बांधलेले, म्हणजे एक आखडला की दुसरा ताणला जावा आणि पाय कुठे आहे याची जाणीव मेंदूला मिळत राहावी. या सात जणांचा जास्तीत जास्त वेग दुसऱ्या गटापेक्षा ४१ टक्के अधिक भरला. पाय तोच, फरक शरीराच्या तयारीचा. ही शस्त्रक्रिया आज आपल्या गावातल्या रुग्णालयात मिळेल असं मी म्हणत नाही. पण पाय कापण्याचा निर्णय घाईचा नसेल, हातात चार दिवस असतील, तर सर्जनला हे जरूर विचारा: हाडाचं टोक कुठे येईल, त्यावर स्नायूंचं आवरण कसं असेल, शक्य असेल तर गुडघा वाचवता येईल का, आणि प्रोस्थेटिस्टशी, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाशी, आधी बोलणं झालं आहे का. त्या एका दिवसाच्या कामावर पुढची तीस वर्षं चालायचं असतं.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले आठवडे घरच्यांच्या हातात असतात आणि इथेच मायेपोटी एक मोठी चूक होते. दुखतंय म्हणून स्टंपखाली उशी दिली जाते. गुडघा किंवा खुबा दिवसचे दिवस वाकलेला राहतो, आखडतो, आणि मग जगातला कुठलाही पाय सरळ उभा राहू शकत नाही. उशी काढा. गुडघा सरळ ठेवून झोपू द्या, आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पालथं झोपवा, म्हणजे खुबा ताणला जाईल. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखं, टोकाशी घट्ट आणि वर सैल होत जाईल असं बांधायला फिजिओथेरपिस्टकडून समोर बसून शिकून घ्या. नुसते गोल वेढे दिले तर रक्त अडतं आणि टोक फुगतं. सूज उतरते तसा स्टंप बारीक होत जातो, आणि हे बारीक होणं बरेच महिने, कधी वर्षभर चालतं. म्हणून पहिल्याच सॉकेटला सगळी पुंजी लावू नका. पहिला पाय तात्पुरता, साधा घ्यावा, त्यावर चालायला शिकावं, आकार स्थिरावला की मग पक्का करावा. एकदम भारी पाय घेऊन सहा महिन्यांत सॉकेट ढिलं झालं की तो पाय कपाटात जातो.

सॉकेट बरं बसलं आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालून आल्यावर पाय काढा, लायनर, म्हणजे आतलं मऊ आवरण, उतरवा आणि उजेडात कातडी पाहा. मागची बाजू आरशात. गुडघ्याच्या वाटीखाली जी कंडरा असते तिच्यावर थोडी लाली येणं ठीक आहे, ती जागा दाब सोसू शकते. नडगीच्या हाडाची कड, स्टंपचं टोक आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं हाडाचं टेंगूळ या जागा दाब सोसत नाहीत. लाली दहा-पंधरा मिनिटांत गेली तर चिंता नको. राहिली, तिथे गरम लागलं, फोड आला किंवा कातडी फाटली, तर त्या दिवशी पाय पुन्हा घालायचा नाही आणि प्रोस्थेटिस्टला दाखवायचं. मधुमेहात जाणीव बोथट झालेली असते, तेव्हा 'दुखत नाही' यावर भरवसा ठेवू नका. डोळ्यांनी पाहा, आणि उरलेल्या चांगल्या पायाचा तळवाही रोज तितक्याच बारकाईने तपासा. दिवस चढतो तसा स्टंप थोडा आक्रसतो, म्हणून दुपारी एखादा जास्तीचा मोजा घालावा लागणं हे नेहमीचंच आहे. कुठल्या वेळी किती मोजे लागले हे वहीत लिहून ठेवलं तर प्रोस्थेटिस्टला त्यातून पुष्कळ कळतं. त्या वहीत आणखी एक नोंद असू द्या: दहा मीटर अंतर आखून, नेहमीच्या चालीने, किती सेकंद लागले. आठवड्यातून एकदा. पाय बदलायची वेळ आली की ही वही कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त खरं सांगेल.

'म्हणजे गरिबांनी साध्या पायावर समाधान मानायचं,' असं कुणी म्हणेल. माझ्या सांगण्याचा अर्थ तो नाही. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर मायक्रोप्रोसेसरचा गुडघा ही चैन मी मानत नाही. ऑटोबॉकने १९९७ साली आणलेल्या सी-लेगपासून या गुडघ्यांवर भरपूर अभ्यास झाला आहे आणि त्यांनी अडखळणं व पडणं कमी होतं याला चांगला आधार आहे. पण तो करतो काय ते पाहा. तो माणसाला ढकलत नाही. वाकण्याला किती विरोध करायचा एवढंच तो क्षणोक्षणी ठरवतो, म्हणजे उताराला किंवा ठेच लागल्यावर गुडघा अचानक मोडत नाही. सर्वांत खात्रीची ठरलेली इलेक्ट्रॉनिक मदतही ताकदीपेक्षा वेळ साधण्याचीच आहे. परवडत नसेल तर चांगले यांत्रिक गुडघे आहेत. आयआयटी मद्रासने २०२२ साली आणलेला 'कदम' हा अनेक अक्षांवर फिरणारा, १६० अंशांपर्यंत वाकणारा गुडघा भारतातच बनतो. आणि जयपूर फूटला साधा म्हणून मोडीत काढू नका. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला तो उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या, अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी. भातखाचरात काम असेल, विहिरीवर आंघोळ असेल, घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर पाण्याला भिणारा मोटरचा घोटा रोजच्या आयुष्यात कितीसा उतरणार? पाय निवडण्याआधी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही कुठे बसता, कशावर चालता, किती पायऱ्या चढता हे लिहून काढा. ती यादी हाच तुमचा खरा निकष.

अंगाला बांधायच्या एक्सोस्केलेटनबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पक्षाघातानंतर यंत्राच्या मदतीने चालण्याच्या सरावाचा फायदा होतो, पण तो फिजिओथेरपीच्या जोडीने, आणि जास्त करून पहिल्या तीन महिन्यांत, ज्यांना अजून स्वतः चालता येत नाही अशांना. जो आधीच काठी घेऊन चालतो त्याला त्यातून फारसं मिळत नाही. म्हणून हे यंत्र असलेलं केंद्र जवळपास असेल तर तिथे वेळेवर सराव घ्या. विकत घेण्याचा विचार बहुतेकांना करायची गरजच नाही. मणक्याला इजा होऊन कमरेखालचा भाग निकामी झाला असेल तर उभं राहण्याचं समाधान मोठं असतं, ते मी कमी लेखत नाही. तरी त्याआधी हाडांची घनता तपासून घ्या. वर्षानुवर्षं भार न पडलेली पायाची हाडं ठिसूळ होतात आणि यंत्रात मोडू शकतात. दोन्ही हातांत कुबड्या पेलण्याएवढी ताकदही लागते. रोजची ने-आण चांगल्या व्हीलचेअरनेच होते, त्यामुळे तिच्या पैशांत हात घालू नका.

दुरुस्तीचा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायचा. २०२४ साली अमेरिकेत दहा वर्षं एक्सोस्केलेटन वापरणाऱ्या एका माणसाचं यंत्र बंद पडलं ते यंत्र चालवणाऱ्या मनगटी घड्याळातली बॅटरीची जोडणी सुटल्यामुळे. यंत्र पाच वर्षांपेक्षा जुनं म्हणून उत्पादकाने दुरुस्ती नाकारली. प्रसारमाध्यमांत बोभाटा झाल्यावर ती मिळाली. अमेरिकेत ही गत, तर आपल्याकडे सुटा भाग परदेशातून यायला किती दिवस लागतील, तोवर बदली पाय मिळेल का, बॅटरी नवी केवढ्याला, सर्वांत जवळचं सेवाकेंद्र कुठे, वॉरंटीत सॉकेट धरलं आहे का, हे सगळं कागदावर घ्या. प्रोस्थेटिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का तेही पाहा. महाराष्ट्रात पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून काम करतं आहे आणि मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. खासगी विक्रेत्याकडे पैसे भरण्याआधी अशा एखाद्या ठिकाणचं दुसरं मत घ्यावं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड लवकर काढून ठेवा, केंद्राच्या एडीआयपी योजनेतून साहाय्य मिळवताना ते लागतं.

आणि मापाला जाताना रोज घालता ती चप्पल किंवा बूट सोबत न्या, दोन्ही पायांचे. टाचेची उंची बोटभर बदलली तरी पायाची सगळी जुळणी बदलते.